तुम्ही विचारलंत म्हणून: जनुक धड आहे, मग रक्त का बनत नाही?

"वडिलांच्या जनुकात दोष नाही असं तुमच्याच रिपोर्टात आहे, मग बाळाला थॅलेसेमिया मेजर कसा झाला?" आई-वडील दोघांकडून दोष आला की होणारा, सतत रक्त चढवावं लागणारा हा आजार. हे जोडपी विचारतात, त्यांचे डॉक्टर फोनवर विचारतात, लॅबमध्ये नव्याने आलेली मुलंही विचारतात. मी दोन वाक्यांत सांगते आणि समोरच्याला ते पटलेलं नसतं. म्हणून एकदा नीट लिहिते.

बीटा-ग्लोबिन हा हिमोग्लोबिनचा एक भाग. त्याचं जनुक डीएनएच्या जेमतेम 1,600 अक्षरांचं. पण एकट्याने ते जवळजवळ काहीच करत नाही. त्याच्या 50 हजारांवर अक्षरं अलीकडे, त्याच ओळीतल्या एप्सिलॉन या पहिल्या ग्लोबिन जनुकाच्याही आधी, डीएनएचे पाच छोटे भाग आहेत. एलसीआर (लोकस कंट्रोल रीजन) म्हणतात त्यांना. त्यांच्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही. लाल पेशी घडत असताना मधला डीएनए वळसा घेतो, हे भाग जनुकाजवळ येतात आणि मग बीटा जोमाने चालतं. गर्भात तेच भाग गर्भाचं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या गॅमा जनुकांजवळ असतात. ते गेले तर बीटाचं एकही अक्षर न बिघडता ते गप्प होतं. 1983 साली एका डच कुटुंबात हेच दिसलं: अलीकडचा सुमारे 1 लाख अक्षरांचा पट्टा गेलेला, बीटा शाबूत, तरी बंद. तेच जनुक काढून दुसऱ्या पेशीत घातलं तर चालत होतं! 1987 मध्ये एलसीआर जोडून बीटा जनुक उंदरांत घातलं, तेव्हा ते गुणसूत्रावर कुठेही बसलं तरी भरपूर ग्लोबिन बनवू लागलं.

म्हणजे वडिलांच्या रिपोर्टातलं सीक्वेन्सिंग, जनुकाची अक्षरं वाचणं, खोटं नव्हतं. जेवढं वाचायला दिलं तेवढं त्याने बरोबर वाचलं. वाचायला काय द्यायचं हे मी ठरवलं होतं.

काही वर्षांपूर्वी एक जोडपं आलं, ती चार महिन्यांची गरोदर. तिचं एचबीए2, हिमोग्लोबिनचा एक प्रकार, 5.3 म्हणजे वाढलेलं; म्हणजे ती मायनर, एकाच बाजूचा दोष असलेली वाहक, शंका नाही. त्याचं एचबीए2 2.6, म्हणजे नॉर्मल, हिमोग्लोबिन 11.4, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) 65, म्हणजे कमी. लहानपणापासून "रक्त कमी" म्हणून लोहाच्या गोळ्या खातोय म्हणाला. त्याचं बीटा जनुक वाचून घेतलं, स्वच्छ आलं. फाइलमध्ये फेरिटिनचा, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा, कागद होता. तोही नॉर्मल. तो कागद मी पाहिला होता, हे मला लपवायचं नाही. गोळ्यांनी फेरिटिन भरलं असेल, असं मनाशी म्हटलं. भरलं असेल तर पेशी अजून इतक्या लहान का, हा पुढचा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. त्यांना म्हटलं, "दोष तुमच्यापैकी एकालाच आहे. बाळ फार तर मायनर होईल."

बाळाला पहिल्याच आठवड्यात रक्त चढवावं लागलं. सहाव्या महिन्यात ते परत आले तोवर चार वेळा झालं होतं. फाइल त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत. तो बाळाच्या टाचेवरची पट्टी अंगठ्याने दाबून बसला होता. बोलली ती. "मॅडम, ह्यांचं नॉर्मल आहे म्हणाला होतात ना?"

त्याची एमएलपीए केली, म्हणजे डीएनएच्या कुठल्या भागाच्या किती प्रती आहेत हे मोजणारी तपासणी. आलेखात बीटाचे सगळे खांब पूर्ण उंचीचे. डावीकडे एलसीआरचे खांब ओळीने अर्ध्यावर, म्हणजे दोनांपैकी एक प्रत गेलेली. बाळाचंही तसंच, आणि आईकडून आलेला दोष वेगळा. गर्भाची तपासणी करायची की नाही, पुढे काय करायचं, हे ठरवण्याचा हक्क त्यांचा होता. माझ्या एका वाक्याने तो गेला.

तेव्हाची मी आजही भांडते: इतका दुर्मिळ दोष दरवेळी कोण शोधणार? त्या वर्षी फळ्यावर तेच पाच भाग काढून मुलांना शिकवत होतीस, असं मी तिला सुनावते. ती म्हणते, मग सरसकट सगळ्यांची एमएलपीए करशील? पैसे कोण भरणार? इथे माझ्याकडे उत्तर नसतं. आता जोडीदार मायनर असेल आणि दुसऱ्याचं एमसीव्ही कमी, एचबीए2 नॉर्मल, फेरिटिन नॉर्मल असेल, तर एमएलपीए झाल्याशिवाय मी रिपोर्ट सोडत नाही. सहकाऱ्यांना हा अतिरेक वाटतो. ताटकळणाऱ्या गरोदर बाईचा फोन आला की मलाही वाटतो.

मुलगा आता शाळेत जातो. जनुकोपचारात बाहेरून बीटा जनुक देताना त्याला एलसीआरचे निवडक तुकडे जोडूनच देतात, नाहीतर ते पुरेसं चालत नाही. मागच्या महिन्यात त्याच्या आईला हे सांगितलं.

"म्हणजे तो तुकडा बाहेरून घालता येतो?"

"येतो," म्हटलं. खर्चाचं तिने विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही.