दोन सुताचा बोल्ट

सुताराची थैली उघडी दिसली की पाहणाऱ्याला वाटतं, हा काय पसारा! करवतीची मूठ कडेने डोकावतेय, तळाशी रंधा आडवा पडलाय, मधे हातोडी, अंबूर, चिंधीत गुंडाळलेल्या पटाश्या. पण सुतार न बघता हात घालतो आणि टेप-पेन्सिल बाहेर येते, कारण दिवसातून पन्नास वेळा तीच लागते. जे शेवटी लागतं ते तळाला. करवतीच्या दातांवर बागेच्या नळीचा उभा चिरलेला तुकडा असतो, तोही थैलीच्या भल्यासाठी कमी आणि आत जाणाऱ्या बोटांसाठी जास्त.

हल्ली लाकूडकाम करणारे बरेच जण त्याचे व्हिडिओही करतात, म्हणजे दोन संसार एकाच स्कूटरवर. पायाशी अवजारं, पाठीवर कॅमेरा. या दोघांना एका बॅगेत घालू नये. भुसा हवेतला ओलावा धरून बसतो, आणि असा दमट भुसा पटाशीला चिकटून राहिला की पावसाळ्यात तिला गंज चढायला वेळ लागत नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, घासल्यावर उडणारी पिठासारखी धूळ लेन्सच्या रिंगमध्ये शिरली, तर ती करकर करू लागते. पात्यांना मशीनचं तेल लावावं, खोबरेल काही दिवसांनी चिकट होतं. कॅमेऱ्याच्या बॅगेत ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची, म्हणजे सिलिका जेलची, पुडी हवीच, नाहीतर कोकणातला एक जुलै लेन्सवर बुरशीची जाळी विणायला पुरेसा आहे. नारिंगी दाणे हिरवे झाले की त्यांनी पोटभर पाणी प्यायलं असं समजावं आणि ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरावेत.

घरी निवांत बसून सामान लावणाऱ्याला जातवारी सुचते. सगळे बिट एका डबीत, सगळे स्क्रू दुसरीत, सगळ्या वायरी तिसरीत. कपाटात हे फार गोड दिसतं. साइटवर मात्र एक ऑटो हिंज, म्हणजे कपाटाच्या दाराची आतून बसणारी बिजागरी, बसवायला पाच डब्या उघडाव्या लागतात. त्यापेक्षा हिंजची स्वतंत्र पिशवी बरी: 35 मिमीचा कटर, दोन नंबरचा फिलिप्स बिट, 16 मिमीचे स्क्रू आणि बरोबर खोलीचं भोक पाडून ठेवलेला प्लायचा एक तुकडा. हा तुकडा फालतू वाटतो, पण कटर किती खोल न्यायचा ते त्यावरच जुळवता येतं, म्हणून पिशवीत सर्वात मोलाचा तोच. हिंजचा कप, म्हणजे दारात रुतणारी गोल वाटी, साधारण 12 मिमी खोल बसतो, म्हणजे 18 मिमीच्या प्लायमध्ये मागे उरतात सहा. हात जरा जास्त दाबला गेला की कटरचं मधलं टोक दर्शनी सनमायकातून नमस्कार करतं.

आवाजाची पिशवीही अशीच: माइक, रिसीव्हर, इयरफोन, दोन वायरी. कॅमेऱ्याच्या वायरीच्या पिनेवर काळ्या रेघा दोन, मोबाइलच्या पिनेवर तीन. बाकी दोघी जुळ्या बहिणी. मोबाइलला कॅमेऱ्याची वायर लागली तर तो बहुधा कुरकुर न करता स्वतःच्याच माइकवरून खोलीतली घरघर टिपत बसतो, आणि हे कळतं घरी गेल्यावर. मोबाइलच्या वायरीला लाल टेप गुंडाळावी.

स्क्रूसाठी मिसळणाचा डबा वापरण्याचा मोह कुणाला होत नाही? सात वाट्या, स्टीलचं झाकण. पण स्वयंपाकघरातला डबा आडवा होत नाही, स्कूटरवरचा होतो. झाकणाखाली जाड फोमची चकती दाबून बसवली तरच मोहरी मोहरीत आणि जिरं जिऱ्यात राहतं.

विमानात ही सगळी मांडणी मोडते. पटाश्या, करवत चेक-इनमध्ये. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र केबिनमध्येच, टोकांना टेप लावून. म्हणजे ड्रिल खाली आणि त्याचा जीव वर. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर हा हिशोब घरीच करावा: 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवर म्हणजे 90 वॉट-अवर, चालते. सहाची घेतली की 108, आणि शंभराच्या वर विमान कंपनीची परवानगी लागते. देशांतर्गत उड्डाणात केबिन बॅगेला बहुतेक ठिकाणी 7 किलो मिळतात. कडक प्लास्टिकची, चाकांची कॅमेरापेटी त्यातले पाच-साडेपाच किलो रिकामीच खाते. तिथे साधी कापडी बॅगच शहाणी.

इतकं करूनही कॅमेरा ट्रायपॉडवर अडकवणारी प्लेट घरी दुसऱ्या कॅमेऱ्याला लटकलेली राहतेच. पण कॅमेऱ्याच्या तळाचा आटा पाव इंची, इंचाला वीस आटे. हार्डवेअरच्या दुकानात दोन सुताचा, म्हणजे पाव इंच जाडीचा, इंची आट्यांचा बोल्ट मागितला, तर त्यालाही इंचाला वीसच. फळीला भोक पाडून बोल्ट खालून वर घातला आणि फळी टेबलाला क्लॅम्प केली की कॅमेरा उभा राहतो. दुकानदार सहा एमएमचा पुढे करेल. तो तसाच दिसतो, दीड आटा जातो आणि अडकतो, जबरदस्ती केली तर कॅमेऱ्याचे आटे जातात. बोल्ट फळीबाहेर साडेचार मिमीपेक्षा जास्त येऊ देऊ नये, जास्त आला तर वायसर वाढवावेत. बोल्ट आणि चार वायसर अवजारांच्या थैलीतच ठेवावेत. ते लागतील तेव्हा फळी आणि ड्रिलही तिथेच असतं.