अब्रुनुकसानीच्या दाव्याची भीती वाटत नाही का?

नाशिकच्या रस्त्यांवर, गोदाघाटावर, आता सिंहस्थाच्या कामांवर मी ठेकेदाराचं नाव घेऊन लिहितो, तेव्हा हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: वाटते. शिक्षेपेक्षा तारखांची जास्त.

कायद्यात आपल्यासाठी जागा बरीच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार (जुलै २०२४ पूर्वीची ४९९ आणि ५००) बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. पण त्याच कलमात अपवाद आहेत. लोकहितासाठी केलेला खरा आरोप गुन्हा ठरत नाही. लोकसेवकाच्या कामाबद्दल सद्भावनेनं दिलेलं मत गुन्हा नाही, आणि सार्वजनिक प्रश्नाशी ज्याचा संबंध येतो अशा कुणाच्याही वर्तनाबद्दलचं मतही नाही. ठेकेदार इथं बसतो. शिवाय, सरकार किंवा महापालिका स्वतःच्या बदनामीसाठी भरपाईचा दावा लावू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९४ सालीच राजगोपाल खटल्यात सांगितलं आहे.

अडचण अशी की अपवाद सिद्ध करायचा तो आरोपीनं, आणि तोही खटला चालल्यावर. फौजदारीत गोष्ट नुसती खरी असून भागत नाही, ती सांगण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं. वर्षानुवर्षं सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाच्या आवारात ताटकळायचं, वकिलाची फी भरायची, आणि शेवटी निर्दोष सुटायचं! दावा लावणाऱ्याचं काम तोवर झालेलं असतं, कारण लिहिणारा गप्प बसतो. याचा मला मनापासून राग आहे. कॅलिफोर्नियात १९९२ च्या कायद्यानं असे दावे सुरुवातीलाच फेटाळता येतात आणि लिहिणाऱ्याच्या वकिलाचा खर्च दावा लावणाऱ्याकडून वसूल होतो. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, खासगी तक्रारीची दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकायची तरतूद आली, हे मात्र चांगलं झालं.

तोवर माझा भरवसा कागदावर. दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जावर कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयकं यांच्या प्रमाणित प्रती मागता येतात (पानांचे पैसे वेगळे). फार कमी लोकांना ठाऊक असतं, पण याच कायद्यानं कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. मग मी ‘पैसे खाल्ले’ असं लिहीत नाही. पुस्तिकेत खडीकरणाची जाडी किती, जागेवर किती, बिल कितीचं निघालं, एवढंच लिहितो. छापण्याआधी ठेकेदाराला आणि अभियंत्याला लेखी प्रश्न पाठवतो, कारण सद्भावना दाखवायला पुढे तीच पोच कामी येते.

एका ठेकेदाराची वकिली नोटीस आली होती, सात दिवसांत माफी मागा म्हणून. वकिलांमार्फत प्रमाणित प्रती जोडून उत्तर दिलं. लेख मागे घेतला नाही.