आधी आभार, मग मागणं

इटलीतल्या वितेर्बोहून रोमपर्यंतची वाट साधारण शंभर किलोमीटरची. इंग्लंडमधल्या कॅन्टरबरीहून रोमला येणाऱ्या व्हिया फ्रांचिजेना या जुन्या यात्रामार्गाचा हा शेवटचा टप्पा. इ.स. 990 मध्ये कॅन्टरबरीचे आर्चबिशप सिगेरिक रोमला गेले होते. परतीच्या वाटेवरच्या 79 मुक्कामांची त्यांनी नोंद ठेवली आणि आजचा मार्ग त्याच नोंदीच्या आधाराने आखला आहे. नाताळ झाला आणि मी चालायला निघाले. नेम एकच केला होता. 1 जानेवारी उजाडेपर्यंत देवाकडे काही मागायचं नाही. वाटेत सरत्या वर्षाचे आभार मानायचे, एकेक महिना आठवत.

पहिल्या दिवशी वेत्राल्लापर्यंत हे सोपं गेलं. थंडी कोरडी होती, लाल-पांढऱ्या खुणा शोधाव्या लागत नव्हत्या आणि जानेवारी ते एप्रिल हे महिने आनंदाचेच होते. पुढे हेझलनटच्या बागा लागल्या. झाडांवर एक पान नव्हतं. मे आणि जून तिथे संपले.

जुलैमध्ये माझी आई गेली.

तो महिना सुत्रीला समोर आला. या गावात मादोन्ना देल पार्तो, म्हणजे प्रसूतीची माता मरिया, हिचं छोटंसं चर्च आहे. सगळं चर्च ज्वालामुखीच्या मऊ दगडात कोरलेलं. आधी तिथे रोमन काळातल्या मित्र (मिथ्रास) या देवाची उपासना होत असे, असं मानतात. भिंतीवर जुनी चित्रं आहेत आणि त्यांत माँते गार्गानो या डोंगरावरच्या देवदूत संत मिखाएलाच्या दर्शनाला निघालेले यात्रेकरूही दिसतात. शेकडो वर्षं बाळंतपणाच्या काळजीतल्या बायका इथे येऊन गुडघे टेकत असतील. मीही टेकले. आईसाठी आभाराचा शब्द मात्र तोंडातून निघेना. मी जपमाळ ओढली आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी कांपान्यानोच्या वाटेवर बराच वेळ मी एकटीच होते. माँते जेलातोच्या धबधब्याजवळ पाय मोकळे करायला बसले आणि बायबलमधलं 121वं स्तोत्र म्हटलं. यरुशलेमेला चढून जाणारे यात्रेकरू जी आरोहणस्तोत्रं म्हणत, त्यांतलंच हे एक. डोंगरांकडे नजर लावून मदत कुठून येईल असं विचारणारं आणि लगेच त्याचं उत्तर देणारं. प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलंय की सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. तिथे बसल्यावर माझ्या ध्यानात आलं, की आई गेली याबद्दल आभार मान असं मला कुणीच सांगितलेलं नाही. त्या स्थितीत राहूनही आभार मानता येतात, एवढंच पौल सांगतो. मग एकेक गोष्ट आठवत गेली. शेवटच्या रात्री आईने माझा हात धरून ठेवला होता. ड्यूटी संपल्यावरही एक परिचारिका आमच्याजवळ थांबली होती. पाद्री वेळेवर आले आणि आईला आजाऱ्यांना प्रार्थनापूर्वक तेल लावून देतात तो अभ्यंगसंस्कार मिळाला. मी रडत रडत आभार मानले. उरलेले महिने त्यानंतर भराभर आले.

कांपान्यानो ते ला स्तोर्ता हा टप्पा चिखलाचा, फार सांगण्यासारखा नाही. ला स्तोर्ता मात्र सांगायलाच हवं. नोव्हेंबर 1537 मध्ये रोमला जाताना येशूसंघाचे (जेज्विटांचे) संस्थापक इग्नेशियस लोयोला इथल्या लहानशा चॅपेलमध्ये प्रार्थनेला थांबले आणि त्यांना दर्शन झालं. रोममध्ये मी तुम्हांला अनुकूल होईन, असं देवाचं आश्वासन त्यांना मिळालं. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यांनाही कुठे ठाऊक होतं! नव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आपणही तेवढ्याच भरवशावर उभे असतो.

31 तारखेला माँते मारियो चढून गेले. जुने यात्रेकरू या टेकडीला आनंदाचा डोंगर म्हणत, कारण व्हॅटिकनमधल्या संत पेत्राच्या बॅसिलिकेचं, म्हणजे त्या भव्य चर्चचं, पहिलं दर्शन इथूनच होई. घुमट दिसला आणि पायांचं दुखणं विसरले.

त्या संध्याकाळी बॅसिलिकेत पोपमहोदयांच्या उपस्थितीत सांजप्रार्थना होते आणि वर्षाच्या आभाराचं ‘ते देऊम’ हे लॅटिन स्तोत्र गायलं जातं. मला अगदी मागे जागा मिळाली. हे स्तोत्र चौथ्या शतकाच्या सुमाराचं. त्याची बांधणी मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट जाणवली. देवदूत, प्रेषित, संदेष्टे, रक्तसाक्षी आणि पृथ्वीभरची मंडळी, सगळे आधी स्तुतीच करतात. मग ख्रिस्ताचा जन्म आणि त्याचा मरणावरचा विजय येतो. मागणं येतं ते त्यानंतर, आणि अखेरची विनवणी असते की प्रभू, तुझ्यावर भिस्त ठेवली आहे, मला कधी लज्जित होऊ देऊ नकोस. चर्चची रीतही अशीच आहे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी ‘ते देऊम’, आणि पहिल्या दिवशी पवित्र आत्म्याला बोलावणारं गीत. माझा नेम मला वाटला तितका वेगळा नव्हता. चर्च कितीतरी शतकं हेच करत आलं आहे, याचा मला फार आधार वाटला.

उजवीकडच्या बाजूला पोप तेरावे ग्रेगरी यांची कबर आहे. ज्या दिनदर्शिकेने आपण वर्ष मोजतो ती त्यांनी 1582 मध्ये लागू केली आणि कबरीवरच्या शिल्पात तोच प्रसंग कोरला आहे. मी तिथे जरा रेंगाळले.

1 जानेवारी हा देवमाता मरियेचा सण. 1968 पासून याच दिवशी जागतिक शांतिदिन पाळतात. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, पहिल्या वाचनात बायबलमधल्या गणना या पुस्तकातला आशीर्वाद असतो, प्रभू तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो. शुभवर्तमानात आठव्या दिवशी बाळाला येशू हे नाव ठेवतात.

मग विश्वासूंच्या प्रार्थना, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या मागण्या, सुरू झाल्या आणि मी मागायला लागले. सगळ्यात आधी बाबांसाठी, कारण आईशिवायचं हे त्यांचं पहिलं नवं वर्ष. त्यांना झोप लागू दे, सोबत मिळू दे. नंतर त्या परिचारिकेसाठी. युद्धात घरं गमावलेल्यांसाठी. यादी लांबतच गेली आणि मी ती आवरती घेतली नाही.