नॅस चालू, फोल्डर बंद

आमच्या मुलुंडच्या घरात टीव्हीखालच्या कप्प्यात एक जुना डेस्कटॉप आडवा ठेवलेला आहे. त्याला ना मॉनिटर, ना कीबोर्ड. आत 4 टीबीच्या दोन डिस्क, दोन्हींवर तोच माल, म्हणून वापरायला मिळते ती जागा चारच टीबी. घरात त्याला सगळे 'डबा' म्हणतात. हाच आमचा नॅस, म्हणजे घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून वापरता येणारं फायलींचं कोठार. त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही खास नॅससाठीची सिस्टिम टाकलेली, आणि त्यातून घरभर फोल्डर वाटलेले: फोटो, माझी कामाची कागदपत्रं, बायकोच्या क्लासच्या प्रश्नपत्रिका, आणि बाबांचं 'सोसायटी'. बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि सोसायटी रीडेव्हलपमेंटला निघाली आहे. सहकार कायद्याच्या कलम 79-अ खालचा पत्रव्यवहार, प्रॉपर्टी कार्ड, कन्व्हेयन्सचे कागद, प्रत्येक सभेचं इतिवृत्त, सगळं स्कॅन होऊन त्या फोल्डरात जातं. थोडक्यात, डबा बंद पडला तर सगळ्यात आधी आवाज येतो तो बाबांचा.

हा डबा वर्षानुवर्षं ओपनमीडियाव्हॉल्ट 5 वर सुखात होता. पाच नंबरची आवृत्ती डेबियन 10 या लिनक्सवर चालते, आणि डेबियन 10 चा दीर्घकालीन सपोर्टही 30 जून 2024 ला संपला. त्यानंतर सिक्युरिटीचं काही येणार नाही. 'चाललंय ना, मग कशाला हात लावायचा' हा विचार मी बरेच महिने केला. दिवाळीच्या सुट्टीत मात्र बसलोच.

रस्ते दोन होते. अपग्रेडची कमांड चालवून पाचवरून सहावर आणि सहावरून सातवर जायचं, कारण मधली पायरी गाळता येत नाही. नाहीतर कोऱ्या डिस्कवर थेट सात टाकायचं आणि डेटाच्या डिस्क तशाच जोडायच्या. मी दुसरा धरला. इतक्या वर्षांत त्या सिस्टिमवर इतकी प्लगइन्स चढली-उतरली होती की दोन उड्यांमध्ये काय तुटेल याची खात्री नव्हती. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरून सगळ्यात लहान एसएसडी घेऊन आलो. (पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी लॅमिंग्टनच.) जुनी सिस्टिमची डिस्क काढून बाजूला ठेवली. सातवर जमलं नाही तर तीच परत लावायची आणि संध्याकाळपर्यंत घर पूर्ववत, एवढा एक धीर हाताशी होता.

त्याआधी बॅकअप. दोन डिस्कवर तोच माल असणं म्हणजे बॅकअप नव्हे, हे जितक्या वेळा सांगावं तितकं कमीच. चुकून काही पुसलं तर ते दोन्हीकडून एकदमच पुसलं जातं. म्हणून सगळा डेटा बाहेरच्या यूएसबी डिस्कवर उतरवला. डेस्कटॉप इतका जुना की यूएसबी 2 च, त्यामुळे ही कॉपी रात्रभर चालून दुसऱ्या दिवशीही संपायचं नाव घेईना. मग जुन्या सेटिंगच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढले: कोणते फोल्डर, कोणते युजर, कोणाला काय हक्क. हे फोटो पुढे फार कामाला आले.

इन्स्टॉलेशनबद्दल एकच सांगतो. डेटाच्या डिस्कच्या वायरी त्या वेळी काढून ठेवा. कोणती डिस्क पुसू, असं इन्स्टॉलर विचारतो तेव्हा समोर एकच डिस्क असलेली बरी. बाकी अर्ध्या तासाचं काम. डबा बंद करून वायरी जोडल्या, चालू केल्यावर डिस्कची जोडी आपोआप ओळखली गेली. फाइल सिस्टिमच्या पानावर 'माउंट' करायचं, 'क्रिएट' नाही. क्रिएट म्हणजे फॉरमॅट. नव्या सिस्टिमला राउटरने वेगळा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिला होता, तो राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन जुन्यावरच, 192.168.1.20 वर, पक्का केला. फोटोंकडे बघून शेअर, म्हणजे वाटलेले फोल्डर, परत तयार केले. फोल्डर दिसत होते, फायली जागेवर होत्या.

पण घरातल्या कुणालाच आत शिरता येईना.

पहिली तक्रार बायकोची. तिच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज 11 प्रो ची 24एच2 ही आवृत्ती होती. \\192.168.1.20 टाकलं की एक लांबलचक संदेश यायचा, अर्थ असा की तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सिक्युरिटी पॉलिसीमुळे पाहुण्यांना प्रवेश बंद. "घरात कसली आली ऑर्गनायझेशन?" तिचा प्रश्न रास्त होता. झालं होतं असं, की जुन्या डब्यावर 'गेस्ट' चालू होता आणि मी तो नव्यावरही तसाच ठेवला होता. नाव नाही, पासवर्ड नाही, वायफायवर जो कोणी असेल तो आत. 24एच2 च्या प्रो आवृत्तीला हे मुळातच चालत नाही. शिवाय सर्व्हरकडे, म्हणजे इथे डब्याकडे, जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पॅकेटवर सही असावी असा या आवृत्तीचा आग्रह असतो. त्या सहीची किल्ली पासवर्डातून तयार होते. पाहुण्याला पासवर्डच नाही, मग सही कुठून करणार?

विंडोजच्या ग्रुप पॉलिसी नावाच्या सेटिंगमध्ये 'इनसिक्युअर गेस्ट लॉगऑन' चालू करायचा पर्याय आहे, आणि कुणालाही विचारा, तो पहिल्यांदा तोच सांगेल. मला तो नको होता. ज्या पर्यायाच्या नावातच 'इनसिक्युअर' आहे तो बायकोच्या लॅपटॉपवर का चालू करायचा, जेव्हा डब्यावर तिच्या नावाचं खातं उघडायला दोन मिनिटं लागतात? गेस्ट बंद केला, तिघांची तीन खाती, तीन पासवर्ड.

तरी आत जाता येईना. आता संदेश बदलला: एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही, एरर 1219. आधीच्या प्रयत्नातलं कनेक्शन विंडोज धरून बसलं होतं. कमांड प्रॉम्प्टवर 'नेट यूज' ने सगळी जुनी कनेक्शन पुसली, क्रेडेन्शियल मॅनेजरमधून डब्याच्या नावाची नोंद उडवली, साइन आउट करून परत आत. मग नाव-पासवर्डाची खिडकी आली. तिथेही विंडोज आपला ईमेल आयडी पुढे करतं. तो सोडून 'दुसरं खातं' निवडायचं आणि डब्यावरचं नाव टाकायचं. फोल्डर उघडला. फोटो दिसले. तिने एका फोटोचं नाव बदलायला घेतलं तर परवानगी नाही.

इथे मी सगळ्यात जास्त रेंगाळलो, आणि या सगळ्या प्रकरणातलं समजून घेण्यासारखं खरं हेच आहे. परवानग्या दोन ठिकाणी असतात. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने सोडलं म्हणून चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं कुलूप उघडत नाही, तसं. शेअरवर 'रीड-राइट' अशी खूण केली म्हणजे सांबा, डब्यावरून विंडोजला फोल्डर वाटणारा प्रोग्रॅम, आत सोडते. पण फाइल खाली डिस्कवर कुणाच्या मालकीची आहे हे लिनक्स स्वतंत्रपणे बघतं, आणि दोघांचं 'हो' आलं तरच काम होतं.

आणि लिनक्स मालकाचं नाव लिहून ठेवत नाही, आकडा लिहितं. जुन्या डब्यावर मी 1000, बायको 1001, बाबा 1002. नव्यावर पहिलं खातं उघडलं बाबांचं, कारण ते स्कॅन करायचा कागद हातात घेऊन शेजारीच उभे होते. म्हणजे बाबा 1000 झाले आणि माझ्या सगळ्या फायलींचे मालकही. टर्मिनलमध्ये यादी मागवली तर माझ्या इन्कम टॅक्सच्या फायलींपुढे बाबांचं नाव! नावांऐवजी आकडे दाखवणारी यादी काढली तेव्हा सगळा घोळ उलगडला. काही फायली 65534 च्या, म्हणजे 'नोबडी' च्या नावावर. ही सगळी गेस्टच्या काळातली कमाई. आणि बऱ्याच फोटोंवर मालकाशिवाय कुणालाच लिहायची परवानगी नव्हती.

उपाय सरळ आहे, फक्त आधी बॅकअप हवा. एकेका माणसाच्या नावावर फायली करत बसण्यापेक्षा मी सगळं गटावर टाकलं. सामायिक फोल्डरातल्या सगळ्या फायलींचा गट 'युजर्स', फायलींना 664 आणि फोल्डरांना 2775 हे परवानगीचे आकडे, म्हणजे मालक आणि गट लिहू शकतात, बाकीचे फक्त वाचू शकतात. यातला सुरुवातीचा 2 महत्त्वाचा. त्यामुळे आत नवीन जे काही तयार होईल ते आपोआप त्याच गटाचं होतं, नाहीतर महिन्याभराने हेच पुन्हा. फायली आणि फोल्डर यांना वेगवेगळे आकडे द्यायचे, सरसकट 777, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं, मारायचं नाही. ते करून फोल्डर उघडतो हे खरं, पण मग परवानग्या असून नसून सारख्याच. 'सोसायटी' आणि माझे टॅक्सचे कागद यांना मात्र ज्याचा त्यालाच हक्क ठेवला. लाखभर फायलींवरून कमांड फिरेपर्यंत चहा झाला. बायकोने नाव बदललं, बदललं गेलं.

टीव्हीवरच्या प्लेअरला नवीन नाव-पासवर्ड दिला, तो चालू झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग प्रिंटर. बाबांचा हा प्रिंटर-स्कॅनर जुना पण दणकट. वरचं बटण दाबलं की कागद थेट 'सोसायटी' फोल्डरात जाऊन पडायचा. आता बटण दाबलं की नुसतं 'कनेक्शन एरर'. बरोबर नाव, बरोबर पासवर्ड, बरोबर पत्ता, तरी तेच. डब्यावरचं लॉग उघडलं तेव्हा कळलं, प्रिंटरला एसएमबीची, म्हणजे विंडोज आणि सांबा ज्या भाषेत फोल्डर वाटतात तिची, पहिलीच आवृत्ती येते. आणि सांबाने ती 2019 च्या 4.11 पासून मूळ सेटिंगमध्येच बंद केली आहे. डेबियन 10 मध्ये सांबा 4.9 होती, म्हणून इतकी वर्षं हे चाललं. मे 2017 मध्ये वॉनाक्रायने जगभरातली कॉम्प्युटरं कुलूपबंद केली ती याच पहिल्या आवृत्तीच्या विंडोजमधल्या भोकातून. बंद केली ते योग्यच आहे.

पण हे बाबांना कसं सांगायचं? "काल चालत होतं, तू अपडेट केलंस आणि आज चालत नाही," हा त्यांचा मुद्दा, आणि तो खोडता येत नव्हता. कमीत कमी प्रोटोकॉल 'एनटी1' असं सेटिंगमध्ये लिहिलं की पहिली आवृत्ती परत चालू होते. बऱ्याचदा त्याच्या जोडीला जुन्या पद्धतीचा पासवर्डही मान्य करावा लागतो. म्हणजे एका प्रिंटरसाठी सगळ्या डब्याचं दार पुन्हा सताड उघडं. नवा स्कॅनर घेऊ म्हटलं तर ते "या प्रिंटरला काय धाड भरलीय?" म्हणाले.

वाट निघाली ती प्रिंटरच्याच सेटिंगमधून. ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी टाकला की त्याचं स्वतःचं पान उघडतं. तिथे 'स्कॅन टू नेटवर्क' च्या खालीच 'स्कॅन टू एफटीपी' होतं. एफटीपी म्हणजे फायली पाठवायची एक जुनी पद्धत. डब्यावर एफटीपीचं प्लगइन टाकलं, 'स्कॅनर' नावाचा एक वेगळा युजर केला, आणि त्याला 'आवक' नावाच्या एकाच फोल्डरात लिहायचा हक्क दिला, बाकी कशालाच नाही. एफटीपी पासवर्ड उघडाच पाठवतं, त्यामुळे ते घराबाहेर जाता कामा नये. राउटरवर कुठलंही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडलेलं नाही, आणि तो पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी मिळणार काय, तर 'आवक' मधले चार कागद. दर पाच मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट 'आवक' मधलं सगळं 'सोसायटी' त हलवते आणि बाबांच्या नावावर करते. बटण तेच राहिलं.

पाच मिनिटं बाबांना जास्त वाटतात. आता एक मिनिट केलं आहे.

जुनी सिस्टिमची डिस्क अजून कपाटात आहे. सगळे महिनाभर बिनबोभाट वापरतील तेव्हा ती पुसून टाकेन. तोवर बाबांची नवी मागणी आली आहे: दुसऱ्या मजल्यावरच्या खजिनदारांनाही 'सोसायटी' फोल्डर त्यांच्या घरून दिसला पाहिजे. मी पेनड्राइव्ह दिला आहे.