किलिमांजारो, पोले पोले आणि स्वस्तातलं पॅकेज

टांझानियातल्या किलिमांजारोहून परत आल्यापासून सोसायटीत, ऑफिसात, ट्रेकच्या ग्रुपवर सगळीकडे दोनच प्रश्न. आम्हाला जमेल का गं, आणि खर्च किती आला. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे आणि दुसऱ्याचं त्यातच कुठेतरी येतं, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की नुसती लिंक पाठवायची.

तर सगळ्यात आधी, हा काही टेक्निकल डोंगर नाहीये. दोर नाही, बर्फातली कुऱ्हाड नाही, नेहमीच्या वाटेने गेलात तर नुसतं चालायचं आहे. पण उंची ५८९५ मीटर, म्हणजे अख्ख्या आफ्रिकेत सगळ्यात उंच, आणि हिमालयासारखी मागेपुढे रांग वगैरे काही नाही, सपाट माळरानातून एकटाच वर आलेला ज्वालामुखी. खरं तर तीन ज्वालामुखी, शिरा, मावेन्झी आणि किबो, त्यातल्या किबोच्या माथ्यावर जायचं असतं. आम्ही मचामे रूट घेतला. त्याचं गेट साधारण १८०० मीटरवर आहे, आता आपली कळसूबाई १६४६, म्हणजे बघा, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच माथा जिथे संपतो त्याच्याही वरून तुम्ही चालायला सुरुवात करता आणि तिथून अजून चार किलोमीटर उभं चढायचं असतं. सह्याद्रीत कितीही फिरलात तरी त्या उंचीची सवय इथे होऊच शकत नाही. गुडघ्यांना आणि पायांना सवय होते, फुप्फुसांना नाही.

गेटवर पोचलो तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती वजनकाटा. पोर्टर लोकांची लाईन लागलेली, प्रत्येकाचं ओझं काट्याला लटकवून मोजत होते, माणशी २० किलोच्या वर न्यायला परवानगी नाही. एकाचं जास्त भरलं तर तिथेच पिशवी उघडून कांदे काढले आणि दुसऱ्याच्या पोत्यात टाकले. आम्ही मूठभर ट्रेकर आणि आमच्यासाठी आमच्या तिप्पट-चौपट माणसं! तंबू, गॅसचे सिलेंडर, फोल्डिंगच्या खुर्च्या, टेबल, अंड्यांचे ट्रे, कलिंगडं, आणि हो, एक पोर्टेबल टॉयलेट, ते उचलायला वेगळा माणूस. मला तर कुठे बघावं कळेना. आपण राजगडला पाठीवर टेंट आणि स्टोव्ह घेऊन जाणारी माणसं, आणि इथे माझ्या पाठीवर पाणी, जॅकेट आणि चिक्की. बाकी सगळं कोणाच्या तरी डोक्यावर. अक्षरशः डोक्यावर, हात सोडून चालतात ते, आणि आपल्याला ओलांडून निघून जातात, संध्याकाळी आपण धापा टाकत पोचतो तोवर तंबू उभे, चहा तयार आणि ताटलीत पॉपकॉर्न.

चालण्याबद्दल. पोले पोले, म्हणजे हळू हळू, हे दिवसातून शंभर वेळा ऐकायला मिळतं. गाईड सर्वात पुढे आणि त्याच्या पुढे कोणी जायचं नाही हा नियम. तो इतका हळू चालतो की पहिल्या दिवशी अक्षरशः चीड येते. आपल्याकडे कसं असतं, धडाधड वर जायचं आणि मग मागच्यांची वाट बघत बसायचं, तीच मजा. आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगा होता, मॅरेथॉन धावणारा, एकदम फिट, तो सारखा बाजूने पुढे सटकायचा आणि गाईड त्याला हाताने मागे घ्यायचा. आणि एक काका होते, बँकेतून रिटायर झालेले, त्यांना मात्र हा वेग पहिल्या तासापासून जमला. ते वारीला जातात दरवर्षी. मला म्हणाले, "अगं पोरी, दिंडीत असंच चालायचं असतं, पुढचा पाय टाकतो तसा आपण टाकायचा, घाई कोणाला आहे?" आणि तोंडाने अभंग. दोन दिवसांत गाईडलाही "विठ्ठल विठ्ठल" पाठ झालं.

पहिला दिवस सगळा जंगलातून, चिखल, ओल, झाडांना लोंबणारं शेवाळं, माकडं. मग झाडं छोटी होत होत संपतात आणि शिराच्या पठारावर नुसतं झुडूप आणि दगड. तिथून लाव्हा टॉवर नावाच्या सुळक्यापर्यंत, साधारण ४६०० मीटर, चढवतात आणि डबा खाऊन झाला की परत खाली साडेतीन-चार हजाराच्या मधे बारांकोच्या कॅम्पला झोपायला आणतात. कारण शरीराला दिवसा उंची दाखवायची आणि रात्री खाली झोपवायचं, असं केलं की रक्त हळूहळू कमी ऑक्सिजनला सरावतं. लाव्हा टॉवरला माझं डोकं असं ठणकत होतं की डबा उघडला आणि वासानेच मिटला. खाली आल्यावर तासाभरात गायब. तेव्हा पटलं की दुखण्यावर औषध एकच, खाली उतरणं.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळीबद्दल पण सगळे विचारतात. घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, आमच्या डॉक्टरांनी आधी सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारलं मगच लिहून दिली. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला प्रचंड होते. म्हणजे रात्री उणे तापमानात स्लीपिंग बॅगची चेन उघडा, मग तंबूची उघडा, बूट घाला, हेडलॅम्प शोधा, आणि हे एका रात्रीत तीनदा. पण खोटं नाही सांगत, किबो चांदण्यात पांढराशुभ्र दिसतो तो मला ह्या गोळीच्या कृपेनेच दिसला, नाहीतर मी कशाला उठतेय.

बारांकोला ती सुप्रसिद्ध झाडं आहेत, सेनेसिओ, माणसापेक्षा दुप्पट-तिप्पट उंच, खोड जाडजूड आणि वर कोबीच्या गड्ड्यासारखा पानांचा झुपका. वाळलेली पानं गळतच नाहीत, खोडालाच चिकटून राहतात आणि थंडीपासून झाड वाचवतात. जगात फक्त याच डोंगरावर ही जात आहे. आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी बारांको वॉल, अडीचशे मीटरची भिंत, हात टेकवून चढायची. परदेशी लोकांना याचीच भीती वाटते आणि आपल्या लोकांना इथे एकदम घरी आल्यासारखं वाटतं, सगळे खुश, ग्रुपमधल्या दोघांनी तर शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. एके ठिकाणी दगडाला मिठी मारून पलीकडे पाय टाकावा लागतो, खाली दरी. मी तिथे दगडाला गालफड चिकटवून उभी आहे, आणि माझ्या मागे एक पोरगा, विशीतला असेल, डोक्यावर खुर्च्यांचा भारा, शांतपणे उभा, मी कधी हलते याची वाट बघत. "सॉरी सॉरी" म्हटलं तर म्हणतो, पोले पोले. पायात त्याच्या साधे कापडी बूट, एकाचा तळ सुटायला आलेला आणि दोरीने बांधलेला. हे मी विसरूच शकत नाहीये.

आणि अजून एक. कारांगा कॅम्पच्या खालच्या ओढ्यानंतर पुढे पाणी नाही. बाराफू, जिथून शेवटची चढाई सुरू होते तो ४६०० च्या वरचा कॅम्प, तिथे पाण्याचा टिपूस नाही, तिथे प्यायलेला चहा, सूप, हात धुवायचं कोमट पाणी, सगळं खालून कोणीतरी वाहून आणलेलं असतं. हे कळल्यावर मी तोंड धुणं बंद केलं. नवरा म्हणाला, तसंही फारसा फरक दिसत नाहीये.

आता ती रात्र. अकराला उठवतात, झोप आलेलीच नसते. चहा बिस्किटं कशीबशी ढकलायची, अंगावर पाच थर आणि बाराच्या सुमारास निघायचं, म्हणजे उजाडता उजाडता वर पोचता येतं. पुढे मागे काही दिसत नाही, फक्त पुढच्याचे बूट, आणि मान वर केली तर हेडलॅम्पची माळ वर वर जाते आणि कुठे दिवे संपतात नि कुठे चांदण्या सुरू होतात कळत नाही, म्हणून मान वर करायचीच नाही. पायाखाली मुरूम, एक पाऊल टाकलं की अर्धं मागे. हायड्रेशन पॅकची नळी तासाभरात गोठली (दरवेळी प्यायल्यावर नळीत फुंकून पाणी मागे ढकला म्हणून सांगितलं होतं, ते तीन घोटांनंतर कोण लक्षात ठेवतंय), चॉकलेट दातांनी तुटेना. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे दर श्वासात निम्माच ऑक्सिजन, त्यामुळे बुटाची लेस बांधली तरी शंभर मीटर पळाल्यासारखी धाप. डोक्यात विचार येत नाहीत. मी आधी पावलं मोजत होते, मग ते पण जमेना, मग काकांचा अभंग ऐकू येतोय का एवढंच बघत होते.

पाच हजाराच्या बऱ्याच वर गेल्यावर तो मॅरेथॉनवाला मुलगा खाली बसला आणि ग्लोव्हज काढायला लागला. म्हणाला, गरम होतंय, मी इथेच पाच मिनिटं झोपतो. आवाज अगदी शांत. गाईडने त्याला उभं करून सरळ रेषेत चालायला लावलं, तर हा दारू प्यायल्यासारखा तिरपा. दहापासून उलटे आकडे विचारले, सातनंतर अडला. मग गाईडने चर्चा केलीच नाही, असिस्टंट गाईडला इशारा केला आणि दोन मिनिटांत ते दोघं खाली निघाले. मुलगा रडत होता, वर जायचंय म्हणून. आम्ही परत बाराफूला आलो तेव्हा ठणठणीत बसून ऑम्लेट खात होता. मला जमेल का विचारणाऱ्यांना मी हेच सांगते, की कोणाला उंची बाधेल ते फिटनेसवरून सांगता येत नाही, आणि तुमचा गाईड तुम्हाला खाली पाठवण्याएवढा अनुभवी आहे की नाही हे जास्त महत्त्वाचं.

मावेन्झीच्या मागून सूर्य आला तेव्हा आम्ही स्टेला पॉइंटच्या जरा खाली होतो. स्टेला म्हणजे विवराची कड, ५७५६ मीटर, तिथे थर्मासमधला आल्याचा चहा मिळाला. तिथून उहुरू पीक अजून पाऊण-एक तास, चढ कमी पण पाय उचलत नाहीत. काका माझ्या आधी पोचले. पाटीपाशी फोटोसाठी रांग, तिथेपण एक-दोघांची भांडणं, माणूस कुठेही गेला तरी माणूसच. जर्मन राजवटीत या टोकाला कैसरचं, म्हणजे जर्मन सम्राटाचं नाव होतं, १८८९ मध्ये हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर पहिल्यांदा इथे पोचले तेव्हाचं, आणि १९६१ च्या डिसेंबरात टांगानिका (म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भाग) स्वतंत्र झालं त्या वेळी अलेक्झांडर न्यिरेंडा यांनी इथे मशाल पेटवली आणि मग हे उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य, झालं. हे सगळं मी वाचलेलं, वर उभी असताना डोक्यात फक्त एवढंच होतं की कधी एकदा खाली जातोय. हिमनद्या मात्र नीट बघितल्या. निळसर पांढऱ्या भिंती, मधेच तुटलेल्या, भोवती नुसती काळी राख. १९१२ साली जेवढा बर्फ होता त्यातला ८० टक्क्यांहून जास्त आजवर गेलाय. ज्यांना बघायचाय त्यांनी फार थांबू नका.

उतरताना घसरगुंडी. त्याच मुरुमातून टाचा रोवत सरळ खाली, गेटर्स (बुटाच्या तोंडावर बांधायची कव्हरं) नसतील तर बुटात पाव किलो खडी. आणि त्याच दिवशी अजून खाली म्वेका कॅम्पपर्यंत. गुडघ्यांचा पार भुगा, इथे सह्याद्रीवाले परत जिंकतात.

आता खर्च. आकडा मी मुद्दाम लिहीत नाही, डॉलरचा भाव आणि पार्कची फी बदलत असते. पण एवढं समजून घ्या की पार्कची फी सगळ्या कंपन्यांना सारखीच भरावी लागते, गाईडशिवाय जाताच येत नाही, मग एखादा निम्म्या भावात नेतो म्हणजे तो कुठून वाचवतो? दिवस कमी करून, किंवा पोर्टरच्या पगारातून आणि जेवणातून. आमचीही कंपनी तशी स्वस्तातलीच निघाली, शेवटच्या सकाळी म्वेकाला टिप द्यायचा कार्यक्रम असतो, सगळे नाचतात गातात, त्यानंतर त्या खुर्च्यावाल्या पोराशी मोडक्या इंग्लिशमध्ये बोलले तर कळलं की टिप हीच त्याची बरीचशी कमाई. त्याला माझे बूट दिले, साईज थोडी लहान होती, म्हणाला भावाला होतील.

म्हणून जाण्याआधी एजंटला तीन गोष्टी विचारा. पोर्टरला रोजचे किती देता, त्यांना दिवसातून किती वेळा जेवण असतं, आणि झोपायला त्यांना वेगळा तंबू आहे का. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट म्हणून संस्था आहे, ती पोर्टरना नीट वागवणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते, त्यातलीच कंपनी घ्या. मचामे सहा दिवसांत पण करतात, तुम्ही सात दिवसांचं घ्या, कारांगाला झोपायला मिळतं आणि शेवटच्या रात्री त्याचा फरक कळतो. आणि जाड जॅकेट, पोल, स्लीपिंग बॅग इथून विकत घेऊ नका, तिकडे डोंगराच्या पायथ्याशी मोशी नावाचं शहर आहे (आपल्या पुण्याजवळची मोशी नव्हे), तिथे सगळं भाड्याने मिळतं, फक्त चेन चालते का ते दुकानातच उघडझाक करून बघा.