बटणांचे दागिने, दांडियाबाजार : आमची वाटचाल

बडोद्यात बटणांच्या दागिन्यांची सुरुवात कोणी केली, असे विचारले तर आज बहुतेक लोक एका मोठ्या शोरूमचे नाव सांगतात, आणि त्या शोरूमच्या मालकांनी हा गैरसमज दूर केल्याचे अद्याप ऐकिवात नाही. म्हणून हा वृत्तान्त लिहून ठेवणे आवश्यक वाटले. आमच्या दुकानाच्या माळ्यावर पहिली माळ २००७ साली गाठवली गेली. त्या काळी त्या शोरूममध्ये केवळ साड्या मिळत असत.

आमचे मूळ दुकान शिवणसाहित्याचे. माझे सासरे, ज्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणत, अस्तर, कॅनव्हास, रिळे, चेन आणि बटणे विकत. तयार कपड्यांनी शिंप्यांचा धंदा बसवला आणि त्यांच्यापाठोपाठ आमचाही मंदावला. माळ्यावर ग्रोसच्या ग्रोस बटणे पडून होती : शिंपल्याची, शिंगाची, करवंटीची, केसीनची आणि बँडवाल्यांच्या कोटांची पितळी. अण्णांनी ती वजनावर काढून टाकायचे ठरवले होते. त्यातले काही डबे मी मागून घेतले, आणि त्यांनी ते दिले ते माझ्यावरील विश्वासापोटी नव्हे, तर भंगारवाला त्या आठवड्यात आला नाही म्हणून.

समोरच्या सराफांनी पहिली माळ पाहून “बटण म्हणजे दागिना नव्हे” असा निकाल दिला. जावयाच्या झब्ब्यासाठी साखळीने जोडलेली सोन्याची बटणे तेच सराफ प्रत्येक लग्नसराईत विकतात, हे त्यांना त्या क्षणी आठवले नसावे. शहरालाही दागिन्यांचा अभिमान फार. खंडेराव महाराजांनी बसऱ्याच्या मोत्यांचा गालिचा करवून घेतला ते हेच गाव, तेव्हा येथे बटणांना कोण विचारणार, असा एकंदर सूर होता. तो गालिचा २००९ साली दोह्याच्या लिलावात विकला गेला. आमची बटणे अजून दांडियाबाजारातच आहेत.

बटण हे मण्यासारखे ओवता येत नाही, हे या कामातले पहिले सत्य आहे. एकाच छिद्रातून दोरा काढत गेले तर बटणे कडेवर उभी राहतात आणि पुढून केवळ त्यांच्या कडा दिसतात. चार छिद्रांच्या बटणातून दोन दोरे समांतर नेले तर बटण सपाट बसते आणि फिरत नाही. दोन छिद्रांच्या बटणात दोरा एका छिद्रातून वर घेऊन पुढच्या बटणाच्या छिद्रातून खाली सोडला की बटणे एकमेकांवर थोडी चढून कौलांसारखी बसतात. पाठीमागे कडी असलेले बटण तोंड खाली घालते, म्हणून दोन कड्यांच्या मध्ये एक मणी द्यावाच लागतो. गळ्याजवळ १८ लाइन (लाइन हे बटणाच्या व्यासाचे माप), मध्ये २४ आणि पदकाच्या जागी ३२ किंवा ४० लाइन हा आमचा जुना क्रम आहे. ४० लाइन म्हणजे पुरा एक इंच, आणि त्याहून मोठे बटण गळ्यात ओढाताण करते.

शिंपल्याच्या बटणाच्या छिद्राची कड सुरीसारखी धारदार असते आणि ती सुती दोरा महिन्याभरात कापून टाकते. हा दोष आम्हाला एका पटवेकऱ्यांनी दाखवला आणि उपायही त्यांनीच दिला. सराफांच्या माळा आणि मंगळसूत्रे गाठवण्यात त्यांची हयात गेली होती. आम्ही त्यांना काका म्हणतो. मेण लावलेल्या दोऱ्यावर बारीक एमरीची पूड घेऊन ते प्रत्येक छिद्राची कड घासून बोथट करतात आणि नंतरच माळेचा दोरा आत जाऊ देतात. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून, दोन्ही हात मोकळे ठेवून, प्रत्येक बटणाच्या दोन्ही बाजूंना गाठ मारण्याची त्यांची पद्धत अशी आहे की माळ तुटलीच तरी एकच बटण पडते, बाकीची जागच्या जागी राहतात. गोल तोंडाची पक्कड, चपट्या तोंडाची पक्कड, कटर, सुईकानस आणि हातड्रिल एवढ्या साधनांवर आमचे घर चालले. शिंपल्याला नवे छिद्र पाडायचे असेल तर बटण पाण्याच्या थाळीत धरूनच ड्रिल चालवावे, कारण ती धूळ छातीत जाणे चांगले नाही. केसीनच्या बटणाला मात्र पाण्यात ठेवू नये. ते दुधातल्या प्रथिनापासून बनलेले असल्याने पाणी पिऊन फुगते आणि वाकडे होते.

२००९ ते २०१७ या वर्षांबद्दल सांगण्यासारखे विशेष नाही. माल होत गेला आणि विकला गेला.

त्या काळातल्या एका ग्राहकबाईंचा उल्लेख केल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. त्या मुलींना गरबा शिकवतात. पहिल्याच वर्षी त्या दुकानात आल्या, एक माळ गळ्यात घातली आणि भर दुकानात, ग्राहकांच्या गर्दीत, गिरक्या घेत टाळ्यांचा एक पूर्ण फेरा करून पाहिला. माळ चणियाचोळीच्या आभल्यांत अडकली. त्यांनी ती परत दिली नाही; “बेन, खालच्या ओळीची बटणे सपाट करा, कडीची नकोत,” असे सांगून पैसे ठेवून गेल्या. तेव्हापासून गरब्यासाठीच्या प्रत्येक नव्या नमुन्याची परीक्षा त्या नाचून घेतात, आणि ज्या नमुन्याला त्या नाही म्हणतात तो आम्ही काउंटरवर ठेवत नाही. घासाघीस त्यांच्याइतकी कोणी करत नाही, हेही नमूद करते.

आता मुख्य विषय. २०१८ च्या श्रावणात वर उल्लेखिलेल्या शोरूमचे गृहस्थ आमच्याकडे आले, कामाची फार स्तुती केली आणि नवरात्रासाठी निवडक माल जांगडवर, म्हणजे विकला तर पैसे नाहीतर माल परत या बोलीवर, मागितला. बाजारात जांगड विश्वासावर चालते, आणि मोठ्या दुकानाला नाही म्हणण्याची आमच्या व्यवसायात रीत नाही. आमचे सर्वोत्तम नमुने त्यांच्याकडे गेले. घटस्थापनेच्या तोंडावर सगळा माल “उठाव नाही” या निरोपासह परत आला, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या काचेच्या कपाटात आमच्यासारख्याच माळा लटकलेल्या दिसल्या, आमच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात.

नमुना कोणाच्या मालकीचा नसतो, बटणे सगळ्यांनाच मिळतात, असे मला अनेकांनी समजावले. त्यांना मी एकच गोष्ट सांगते. आमच्या एका माळेत शिंगाच्या बटणांचा साठा मध्येच संपल्यामुळे डावीकडे एक पितळी बटण बसवले गेले होते. ते सौंदर्यासाठी नव्हते, नाइलाज होता. त्या शोरूमच्या प्रत्येक माळेत डावीकडे, नेमक्या त्याच जागी, एक पितळी बटण होते. शिंगाच्या जागी त्यांनी पॉलिएस्टर घेतले आणि गाठीच्या जागी गोंद, पण आमचा नाइलाज मात्र इमानाने उतरवला.

झटपट चिकटणारा गोंद वाळताना बटणावर पांढुरकी साय धरतो आणि वाळल्यावर ठिसूळ होतो. टाळीचे हिसके आणि घाम त्याला सोसत नाहीत. त्या नवरात्रात मैदानावर बटणे सांडली, आणि ती ओंजळीत घेऊन लोक आमच्या दुकानात भांडायला आले, कारण बटणांच्या माळा आमच्या, एवढेच त्यांना ठाऊक होते. याच सुमारास काकांनाही तिकडून अधिक मजुरीचे बोलावणे आले. ते पाहायला गेले आणि दुपारच्या चहाच्या आत परतले. “तिथं दोरा नाही, नुसत्या गोंदाच्या डब्या आहेत,” एवढेच म्हणाले आणि कामाला बसले.

२०१९ च्या नवरात्रात दुकानदारांच्या मागण्या निम्म्यावर आल्या. शिंपल्याच्या बटणांचा साठा भरण्यासाठी मी माझ्या पाटल्या तारण ठेवल्या होत्या, त्या सोडवायच्या राहिल्या. गाठवलेला माल वेळ खातो, म्हणून आमचे नवरात्र माघातच सुरू होते. २०२० मध्येही ते तसेच सुरू झाले होते. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि त्या वर्षी सरकारने गरब्याच्या कार्यक्रमांना परवानगीच दिली नाही. बडोद्यात गरबा नाही, म्हणजे आमच्यासारख्यांचे वर्षच नाही. माल पिशव्यांत, पैसा मालात, पाटल्या तिजोरीत, आणि तीही दुसऱ्याच्या. दुकानाची जागा विकण्याविषयी घरात बोलणी झाली. ती कोणी काढली हे लिहीत नाही.

त्या महिन्यांत आम्हाला तगवले ते ४० लाइनच्या बटणांनीच. दिवसभर मुखपट्टी लावून रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकांचे कान इलॅस्टिकने सोलवटत, म्हणून डोक्याला बांधायच्या कापडी पट्ट्यावर दोन्ही कानांच्या मागे एकेक मोठे बटण शिवून दिले की इलॅस्टिक कानाऐवजी बटणात अडकते. असे पट्टे आम्ही शिवले, काकांनी घरी बसून बटणे टाकली. त्यात नफा नव्हता, पण मजुरी निघाली. आणि गरबा शिकवणाऱ्या त्या ग्राहकबाईंनी, शिकवणी बंद असताना, पुढच्या नवरात्राच्या माळांचे पैसे आगाऊ आणून दिले. त्या वेळी त्यांनी घासाघीस केली नाही, यावरून परिस्थिती किती बिकट होती हे कळावे. २०२१ मध्ये ४०० माणसांच्या मर्यादेत गल्लीतल्या गरब्याला परवानगी मिळाली आणि त्यांच्या मुली आमच्या माळा घालून नाचल्या. पाटल्या त्यानंतर सुटल्या.

नव्याने या कामात येणाऱ्यांनी विचारले नसले तरी काही गोष्टी सांगते. शिंपल्याचे म्हणून विकले जाणारे प्रत्येक बटण शिंपल्याचे नसते. ते गालाला लावून पाहावे, खरे असेल तर गार लागते. शंका उरल्यास तापवलेली सुई पाठीमागे टेकवावी : शिंपल्यावर काही होत नाही, शिंगाला जळक्या केसांचा वास येतो, केसीनला करपलेल्या दुधाचा, आणि पॉलिएस्टरला रसायनाचा. शिंपल्यावर लिंबू, व्हिनेगर, अत्तर पडू देऊ नये, त्याची चमक जाते. उधारीपेक्षा जांगड अधिक धोक्याची असते. चिठ्ठीवर नग, किंमत आणि परतीची तारीख लिहून सही घेतल्याशिवाय माल उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये, मग समोरचा कितीही गोड बोलो. आणि लेक-सुनेने माळ्यावरचा डबा मागितला तर भंगारवाल्याची वाट पाहू नये.

आज काकांच्या हाताखाली त्यांचा पुतण्या बसतो. त्याची गाठ अजून थोडी सैल पडते आणि काका ती उसवायला लावतात. आमच्या दुकानातून गेलेली कोणतीही माळ तुटली तर आम्ही ती विनामूल्य गाठवून देतो, पावती मागत नाही, कारण आमची गाठ आम्हाला ओळखू येते. गोंदाने चिकटवलेल्या माळा दुरुस्तीला घेतल्या जात नाहीत. डावीकडे पितळी बटण असलेल्या तर नाहीच नाही.