शिलाईतली माया

बुधवार, रात्री पावणेअकरा

उद्या सकाळी सहाला छातीच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात हजर व्हायचंय: ओघळलेली छाती वर उचलायची ती लिफ्ट, आणि आतून भर घालायची ते इम्प्लांट. बारानंतर पाण्याचा थेंबही नाही, म्हणून आत्ताच दोन ग्लास पिऊन घेतलं. मुलं झोपलीत. आई बाहेरच्या खोलीत माझ्या सुती गाऊनची बटणं काढून बंद लावत बसलीय. पुढचे काही आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, डोक्यातून काही घालायचं नाही.

आईनं सांगलीत चौतीस वर्षं ब्लाउज शिवले. तिच्या मापांच्या वहीत माझंही पान आहे. लग्नाच्या वेळी खांद्यापासून टक्सच्या टोकापर्यंत साडेनऊ इंच. थोरली झाल्यावर दहा. धाकटा दीड वर्ष अंगावर प्यायला, तेव्हा साडेदहा. मग साखर काठावर आली म्हणून मी दोन वर्षांत बावीस किलो उतरवले, आणि गेल्या दिवाळीत तोच आकडा साडेअकरा झाला. आईनं तो लिहिला, पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाली, "कप घालून देते, छान बसेल." बाकी काही बोलली नाही. मला मात्र त्या आकड्यानं रात्रभर झोप लागली नाही. वजन उतरवण्याचा मला अभिमान आहे. आरशात बघताना मात्र वाटायचं, हे माझं शरीर कुणीतरी वापरून परत ठेवून दिलंय. नवऱ्यानं कधी चकार शब्द काढला नाही. हे मला माझ्यासाठी हवंय, एवढं वाक्य त्याला सांगायला मला आठ महिने लागले.

पहिल्या ठिकाणी गेले तिथे वीस मिनिटांत सगळं उरकलं. फोटो दाखवले, "दोन्ही एकदमच करू, आठवड्यात ऑफिस" म्हणाले आणि अॅडव्हान्सचं विचारलं. माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर न घेता मी बाहेर पडले.

आत्ताच्या डॉक्टर बाईंनी आधी टेप काढला. गळ्याखालच्या खळगीपासून निपलपर्यंत २८ सेंटिमीटर. साधारण १९ ते २१ बरं मानतात. छाती किती ओघळलीय हे ठरवायला रेन्यो या सर्जननी १९७६ मध्ये मांडलेल्या पायऱ्या अजून वापरतात, त्यात माझी तिसरी: निपल छातीखालच्या घडीच्याही खाली, अगदी टोकाला, जमिनीकडे बघणारं. नुसतं इम्प्लांट घातलं तर ओझं वाढून सगळं आणखी ओघळेल. नुसती लिफ्ट केली तर वर उचललं जाईल, पण वरचा खळगा रिकामाच राहील. म्हणून दोन्ही.

पुढे त्यांनी जे सांगितलं ते मला चटकन कळलं, कारण मी शिलाई मशीनच्या आवाजात वाढले. लिफ्ट म्हणजे जादाचं कापड काढून शिवण आवळायची. इम्प्लांट म्हणजे आतून भर घालायची. एक काम जे आवळतं, तेच दुसरं ताणतं. म्हणून दोन्ही एकाच बैठकीत केली की फेरदुरुस्तीची शक्यता वेगवेगळ्या शस्त्रक्रियांपेक्षा जास्त असते. शिवाय निपलला रक्त पुरवणारा भाग आतून इम्प्लांटच्या जागेसाठी मोकळा करावा लागतो आणि बाहेरून त्वचेवर छेद जातो. फार मोठं इम्प्लांट घातलं तर तो पुरवठा तोकडा पडू शकतो. मी ३०० सीसी म्हटलं होतं. त्यांनी २२५ वर आणलं, तेही स्नायूच्या आड, गुळगुळीत पृष्ठभागाचं. खरखरीत पृष्ठभागाच्या एका प्रकाराचा संबंध लिम्फोमा या कर्करोगाशी आढळल्यानं २०१९ मध्ये ती इम्प्लांट जगभरातून मागे घेतली गेली, हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

करण्याची रीतही सांगितली. भुलीत मला टेबलासकट जवळजवळ उठवून बसवणार, कारण आडवं असताना छातीचा खरा आकार कळत नाही. आधी भर घालायची. मग त्वचा दुमडून वरवर पिना मारायच्या, लांब जाऊन बघायचं, पुन्हा दुमडायचं. मनासारखं बसलं की मगच कापायचं. मी आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे कच्ची शिवण घालून फिटिंग बघतात. बरोबर आहे त्यांचं. आणि शिवणीत माया सोडतात ना, जादाचं कापड?" दुसऱ्या भेटीत मी डॉक्टरांना तसंच विचारलं. म्हणाल्या, "सोडते. कापलेली त्वचा परत मिळत नाही."

संमतीपत्रावर एक ओळ आहे, आज दिवसभर तीच डोक्यात फिरतेय. टेबलावर त्वचा ताण घेत नाही असं दिसलं, तर त्या फक्त लिफ्ट करून थांबणार आणि इम्प्लांट काही महिन्यांनी. म्हणजे उद्या जाग येईल तेव्हा दोन्ही झालेलं असेल की एकच, मला आत्ता माहीत नाही. हे लिहून घेणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास जास्त बसला, हेही खरं.

पैशाचं एवढंच, की विमा यात येत नाही, वर १८ टक्के जीएसटी. माझी एफडी मोडली. इम्प्लांट जन्मभराचं नसतं. औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं २०२१ मध्ये तसा ठळक इशाराच सक्तीचा केलाय. सिलिकॉन आतल्या आत फाटलं तर बाहेरून कळतही नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग दर दोन-तीन वर्षांनी. मी एक्केचाळीसची. म्हणजे आणखी किमान एकदा टेबलावर जायचं आहे, असं धरूनच मी हो म्हटलंय. १९६२ मध्ये ह्यूस्टनला पहिल्यांदा सिलिकॉन इम्प्लांट घेतलेल्या टिमी जीन लिंडसे सहा मुलांची आई होत्या. त्या गेल्या होत्या छातीवरचा टॅटू काढायला आणि डॉक्टरांनी हे सुचवलं. त्यांना यातलं किती सांगितलं असेल, याचा विचार येतो.

शनिवार

दोन्ही झालं. २२५ नाही, २००. त्वचेनं तेवढंच घेतलं म्हणाल्या.

छातीवर कुणीतरी पाट ठेवून बसलंय असं वाटतं. उताणं झोपून पाठ दुखते. लिहवत नाही.

एकोणिसावा दिवस

सूज उतरतेय. छाती अजून खूप वर आणि कडक आहे. ती खाली बसायला तीन महिने, कधी सहाही लागतात, हे माहीत असूनही आज आंघोळीनंतर बघताना पोटात गोळा आला. टाक्यांची रेघ निपलभोवती गोल, तिथून सरळ खाली आणि घडीत आडवी, जहाजाच्या नांगरासारखी. या रेघा आधी लाल, मग काळपट होणार, वर्ष-दीड वर्षानं फिकटतील. आपल्या कातडीवर व्रण जाड होण्याचा धोका जास्त, म्हणून सिलिकॉनची पट्टी लावायची आहे, पण सगळं भरून आल्यावरच.

उजवीकडे उभी आणि आडवी रेघ मिळते त्या कोपऱ्यात जखम उकललीय, तांदळाच्या दाण्याएवढी. सगळा ताण तिथेच येतो. मी घाबरून फोटो पाठवला. डॉक्टरांनी लगेच बोलावलं, साफ केलं, रोजचं ड्रेसिंग शिकवलं. पू नाही, ताप नाही. आपोआप भरेल म्हणाल्या. डाव्या निपलला स्पर्श कळत नाही. कदाचित येईल, कदाचित अर्धवटच येईल. याची मला आधी कल्पना दिली होती, मी मान डोलावली होती, तरी आज रडले.

आई दारात उभी होती. आत आली, माझ्या सर्जिकल ब्राची काखेतली कड चाचपून म्हणाली, "ही घासतेय म्हणून तू सारखी वाकून बसतेस." एवढे दिवस मला ते कळलंच नव्हतं. दुपारी तिनं दुसऱ्या, धुतलेल्या ब्राला धाकट्याच्या जुन्या लंगोटाची मलमल दुहेरी करून लावली. बारीक हातशिलाई, गाठ बाहेरच्या बाजूला. मी टेप पुढे केला तर तिनं तो गुंडाळून डब्यात ठेवला. माप आत्ता घ्यायचं नाही म्हणाली, सूज आहे. वहीत मात्र माझ्या पानावर तिनं इम्प्लांटचं कार्ड चिकटवलंय, दोन्ही नंबरांसकट, आणि खाली पाच वर्षांनंतरची तारीख टाकून लिहिलंय: सोनोग्राफी.

गुरुवारी ड्रेसिंगला जायचंय.